एका कवितेचा फोटो : मुलांना प्रताधिकार आणि ऑनलाइन सुरक्षितता एकत्रच शिकवावी का?

खडूफळा (धागाकर्ती)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. संगणकाचे तासही गेली काही वर्षे माझ्याकडेच आहेत, त्यामुळे प्रताधिकार (कॉपीराइट) आणि ऑनलाइन सुरक्षितता हे दोन्ही विषय माझ्याच वाट्याला येतात. आजवर मी ते वेगवेगळ्या तासांना, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे शिकवत आले. या सत्रातील एका प्रसंगानंतर ते चुकले असे मला वाटू लागले आहे, म्हणून हा धागा.

आठवीतील एका मुलीने आजीच्या चुलीवर कविता लिहिली. भित्तिपत्रकासाठी तिने ती निळ्या शाईने फुलस्केपवर उतरवली, कडेला पेन्सिलीने चूल आणि फुंकणी काढली आणि खालच्या कोपऱ्यात, आमच्याच नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि शाळेचे नाव लिहिले. एका पालकांनी कौतुकाने त्या कागदाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. त्या गटाची लिंक इतकी फिरलेली होती की गटात नेमके कोण कोण आहे, हे गावातल्याही कोणाला ठाऊक नव्हते. मुलीच्या आईने तिथेच ‘माझ्या लेकीची कविता आहे, सर्वांचे आभार’ असे लिहिले आणि तिचा नंबर सर्वांसमोर आला.

पुढे दोन गोष्टी घडल्या. काही आठवड्यांनी तीच कविता टंकलेली, फुलांच्या चौकटीत बसवलेली आणि खाली भलत्याच कवीचे नाव घातलेली आमच्या शिक्षकांच्या गटावर येऊन पोहोचली. त्याच सुमारास मुलीच्या आईला संदेश आला की, आपल्या मुलीची कविता एका प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली असून नोंदणीचे 500 रुपये, मुलीचा फोटो आणि आधार कार्डाची प्रत पाठवावी. नाव, इयत्ता, शाळा सारे बिनचूक लिहिलेले असल्यामुळे त्या माउलीला शंका आली नाही. पैसे गेले आणि कागदपत्रेही गेली. एकाच कागदाच्या एका नकलेवरून नाव पुसले गेले आणि दुसऱ्या नकलेवरचे नाव नको त्या माणसाच्या हाती पडले.

मुलीने मला विचारलेला प्रश्न मात्र पैशांचा नव्हता. ‘बाई, आता मी ही कविता माझ्या नावाने शाळेच्या अंकात दिली, तर मीच कॉपी केली असे लोक म्हणतील का?’

तिला उत्तर देण्याआधी मी कपाटातून मागच्या वर्षीच्या प्रकल्पवह्या काढल्या. किल्ल्यांची, पक्ष्यांची, संतांची रंगीत चित्रे छापून आणून नीट कापून चिकटवलेली होती आणि वहीमागून वहीत चित्राखाली ‘सौजन्य : गुगल’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. तसे लिहायला मीच सांगितले होते. छायाचित्र कोणीतरी पहाटे उठून, गड चढून काढलेले असते आणि गुगल केवळ ते कुठे आहे हे दाखवते, हे मी कधी बोललेच नाही. दुसऱ्याच्या चित्राखालचे नाव पुसणे मी मुलांना नकळत शिकवले आणि आता तेच माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत घडले, असे मला मनापासून वाटते.

जाणकारांना माझे काही नेमके प्रश्न आहेत. तेरा वर्षांच्या मुलीला कवितेवर कायद्याने हक्क मिळतो का? वर्गासाठी पुस्तकातील पानांच्या झेरॉक्स काढणे कितपत योग्य? स्नेहसंमेलनातील नाचाची चित्रफीत यूट्यूबवर टाकावी का? आणि पालकांकडून जे संमतिपत्र आपण जूनमध्ये भरून घेतो, त्याला काही अर्थ आहे का?

कायदेवही

धागा वाचून वाईट वाटले, परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. भारतीय प्रताधिकार कायदा 1957 चा. त्यात हक्क मिळण्यासाठी वयाची अट नाही, नोंदणीची सक्ती नाही आणि कवितेखाली गोलातला सी काढण्याचीही गरज नाही. स्वतःच्या मनाने रचलेली कविता ज्या क्षणी कागदावर उतरली, त्या क्षणी ती त्या मुलीची झाली. शिवाय कलम 57 लेखकाला आणखी दोन हक्क देते : कृती आपली आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास ती रोखण्याचा. त्यामुळे तिने ती कविता अंकात जरूर द्यावी. मूळ फुलस्केप जपून ठेवावा, भित्तिपत्रक कधी लागले याची शाळेत नोंद असेल तर तीही ठेवावी आणि ज्या गटांवर ती परक्या नावाने आली, तिथे शिक्षकांनी मूळ कवयित्रीबद्दल स्पष्ट लिहावे. मात्र तिथेही मुलीचे पूर्ण नाव आणि शाळा देऊ नये. ‘आमच्या शाळेतील आठवीच्या विद्यार्थिनीची ही कविता आहे’ एवढे पुरेसे आहे.

झेरॉक्सबाबत. कायद्याच्या कलम 52 मध्ये कोणत्या गोष्टींना उल्लंघन म्हणू नये याची यादी आहे आणि तिच्यात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल, तसेच प्रश्नपत्रिकेतील आणि उत्तरपत्रिकेतील वापर, हे सर्व येते. याचा सर्वांत गाजलेला खटला दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाचा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी 2012 मध्ये दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला, कारण अभ्यासक्रमातील निरनिराळ्या पुस्तकांची प्रकरणे तिथे एकत्र बांधून दिली जात होती. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठी जेवढी नक्कल गरजेची, तेवढी करता येते, त्याला पानांची ठरावीक मर्यादा कायद्याने घातलेली नाही, असे तत्त्व मांडले आणि या वाचनसंचांना तेवढी गरज आहे का हे तपासण्यापुरता दावा परत पाठवला. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला. तेव्हा वर्गात शिकवण्याच्या धड्यासाठी कवितेचे एक पान वाटताना बाईंनी अपराधी वाटून घेऊ नये. मात्र तेच पान शाळेच्या संकेतस्थळावर टाकून जगाला खुले केले, तर ‘अध्यापनाच्या ओघात’ हे शब्द आपल्या मदतीला येतील असे मी सांगू शकणार नाही.

स्नेहसंमेलनाचेही तसेच आहे. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी सादरीकरण करणे, ध्वनिमुद्रित गाणे वाजवणे, याला कलम 52 मध्ये मोकळीक आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी असावेत, अशी अट आहे. यूट्यूबवरचा प्रेक्षक या चौकटीत बसत नाही. ‘तीस सेकंदांपर्यंतचे गाणे चालते’ ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे. कायद्यात असे काहीही नाही.

पालक, पिंपरीकर

कायदेवही यांनी सांगितलेल्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीबद्दल मला पालक म्हणून आणखी एक बाजू मांडायची आहे. माझ्या मुलाच्या शाळेची अशी चित्रफीत यूट्यूबवर होती. गाण्याच्या मालकाचा दावा आल्यामुळे तिचा आवाज बंद झाला आणि शाळेत त्यावर बरीच चर्चा झाली. पण तीत पाच-सहा वर्षांच्या मुलांचे चेहरे जवळून दिसत होते, निवेदिका प्रत्येकाचे पूर्ण नाव घेत होती आणि मागच्या फलकावर शाळेचा पत्ता होता, याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. गाण्याच्या मालकाची परवानगी हवी हे एका संगणकाने सांगितले म्हणून कळले. मुलांच्या वतीने सांगणारा कोणीच नव्हता.

माझी बहीण छायाचित्रकार आहे. तिच्याकडून कळलेली एक गोष्ट सांगतो. फोनमधील ठिकाणाची नोंद सुरू असेल, तर फोटो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश त्या फोटोच्या आतच साठवले जातात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती सहसा गळून पडते, पण स्पष्ट दिसावा म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच पुढे जाते. बक्षिसाचा फोटो घराच्या ओट्यावर काढून असा पाठवणे म्हणजे घराचा पत्ता देणेच आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही नोंद बंद करता येते. हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखवले तर मुले घरी जाऊन आईवडिलांच्या फोनवरही करतील, याची मला खात्री आहे.

खडूफळाताई, आईंची तक्रार नोंदवली का? पैसे गेल्याचे कळताच 1930 या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवता आले तरच ती परत मिळण्याची आशा असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंद करता येते. रक्कम लहान म्हणून गप्प बसू नये. आधारची प्रत यापुढे कोणालाही द्यावी लागली, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

वाचनकट्टा

मी तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. वरील सर्वांशी सहमत असूनही मला एक अडचण मांडावीशी वाटते. आमच्याकडे येणारी मुले स्पर्धा परीक्षांची आणि कथा-कादंबऱ्यांची पीडीएफ टेलिग्रामवरून घेतात. त्यांना ‘ही चोरी आहे’ एवढे सांगून आपले काम संपते का? अनेक घरांत पुस्तकासाठी तीनशे-चारशे रुपये काढणे खरोखरच शक्य नसते. दुसरीकडे मराठीत कित्येक पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींच्या आसपास निघते आणि ती संपायला वर्षे लागतात. अशा वेळी एक पीडीएफ हजारो फोनांत गेली, तर त्या लेखकाचे दुसरे पुस्तक काढायला प्रकाशक धजावत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मुलांना दोन्ही सांगायला हव्यात.

आम्ही त्यावर असा मार्ग काढला की ‘हे घेऊ नका’ म्हणण्याआधी ‘हे घ्या’ म्हणायचे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी साहित्य सर्वांचे होते आणि ही 60 वर्षे निधनाच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. आधी ही मुदत 50 वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरील हक्क 1991 अखेर संपणार म्हणून त्या सुमारास मुदत वाढवली गेली. आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही मुलांनाच हा हिशेब करायला लावतो. साने गुरुजी जून 1950 मध्ये गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून त्यांचे लेखन मोकळे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2017 पासून मोकळे झाले. बहिणाबाईंचे उदाहरण दिले की मुले हमखास चुकतात. त्या डिसेंबर 1951 मध्ये गेल्या, म्हणून मुले 2012 हे उत्तर देतात, परंतु त्यांच्या कविता पुस्तकरूपाने त्यांच्या पश्चात 1952 मध्ये आल्या आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची 60 वर्षे प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे उत्तर 2013 येते. कुसुमाग्रज 1999 मध्ये आणि पु. ल. 2000 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्यासाठी अनुक्रमे 2060 आणि 2061 उजाडावे लागेल, हे ऐकून मुले स्वतःचे तेव्हाचे वय मोजू लागतात. हा तास कधीही कंटाळवाणा होत नाही.

यात एक काळजी घ्यावी लागते. मूळ मजकूर मोकळा झाला तरी कोणी आज केलेले त्याचे ध्वनिमुद्रण, नव्याने काढलेली चित्रे, नवी प्रस्तावना किंवा अनुवाद मोकळे होत नाहीत. त्यासाठी आम्ही मुलांना मराठी विकिस्रोत (मोकळ्या झालेल्या लेखनाचा ऑनलाइन संग्रह) आणि विकिमीडिया कॉमन्स (चित्रांचा तसाच संग्रह) दाखवतो. कॉमन्सवर प्रत्येक चित्राच्या पानावर ते कोणी काढले आणि कोणत्या परवान्याखाली दिले हे लिहिलेले असते. प्रकल्पवहीत तेच उतरवून घ्यायचे, म्हणजे ‘सौजन्य : गुगल’ आपोआप जाते.

आणि टेलिग्रामबद्दल सुरक्षिततेच्या अंगाने सांगायचे तर, ‘पुस्तक हवे असल्यास हे अॅप आधी घ्या’ म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये थेट अॅप बसवणारी फाइल) आमच्या एका वाचकाने फोनमध्ये घातली आणि त्यानंतर त्याच्या नावाने ओळखीच्यांना पैसे मागणारे संदेश जाऊ लागले. फुकट पुस्तकाच्या वाटेवर हेही उभे असते.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथल्या आणि तिथल्या कायद्यातील एक फरक मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण भारतातील मुले यूट्यूबवर पाहून ‘फेअर यूज’ हा शब्द सर्रास वापरतात. अमेरिकेच्या 1976 च्या कायद्यातील कलम 107 मध्ये ‘फेअर यूज’ची ठरावीक यादी नाही. वापर कशासाठी झाला, मूळ कृती कोणत्या प्रकारची आहे, तिचा किती आणि कोणता भाग घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, या चार गोष्टी एकत्र तोलून न्यायालय निर्णय देते. भारतात ‘फेअर डीलिंग’ आहे. स्वतःचा अभ्यास आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचे वार्तांकन अशी कारणे कायद्यातच दिलेली असतात आणि वापर त्यात बसावा लागतो. आपल्या चित्रफितीखाली ‘फेअर यूज, हक्कभंगाचा हेतू नाही’ असे वाक्य डकवल्याने दोन्ही देशांत काहीही साध्य होत नाही.

आमच्या वर्गात मी हे चार प्रश्न मुलांना विचारते, कायदा शिकवण्यासाठी नव्हे, तर त्यांना थांबून विचार करण्याची सवय लागावी म्हणून. एका मुलाने मराठी बालगीतावर चित्रपट्टी काढली होती. चौथ्या प्रश्नाशी तो अडला आणि म्हणाला की, माझे पाहून कोणी मूळ पुस्तक घेणारच नाही, कारण मी सगळेच शब्द घेतले आहेत. मग त्याने दोन ओळी ठेवून बाकीचे स्वतःच्या शब्दांत लिहिले. ती पट्टी पहिलीपेक्षा खूप चांगली झाली.

कायदेवही

सातासमुद्रापार यांचे विवेचन अचूक आहे. वाचनकट्टा यांच्यासाठी एक भर घालतो. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या उपयोगासाठी काढण्याची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला कलम 52 देते. आवृत्ती संपून वर्षे लोटलेल्या मराठी पुस्तकांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे आणि ती फारच कमी ग्रंथालये वापरतात.

संमतिपत्राचा प्रश्न राहिला होता. कायद्याच्या भाषेतील ‘अज्ञान’, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्तीला करार करता येत नसल्याने सही पालकांचीच लागते, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील सर्वांना बालक मानून त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. परंतु जूनमध्ये एकदा भरलेले ‘शाळेला सर्व प्रकारच्या वापरास परवानगी आहे’ असे सरसकट पत्र मला योग्य वाटत नाही. काय, कुठे आणि किती काळ, हे त्यात वेगवेगळे लिहिलेले असावे.

खडूफळा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आईंची तक्रार 1930 वर नोंदवली आहे. उशीर झाल्याने पैसे परत मिळतील अशी आशा नाही, पण तक्रार क्रमांक मिळाला.

गेल्या शनिवारी आठवीच्या वर्गात मी दोन्ही विषय एकत्र घेऊन पाहिले. मुलांनी निबंध लिहून झाल्यावर कागदाच्या मागील बाजूस स्वतःच लिहायचे होते की, हा कागद वर्गात वाचला तर चालेल का, भित्तिपत्रकावर लावला तर चालेल का, गटावर पाठवला तर चालेल का आणि नाव कसे लिहावे. पालकांची सही त्यानंतर. मला वाटले होते की सारे जण सगळीकडे ‘चालेल’ लिहून मोकळे होतील. तसे झाले नाही. बऱ्याच मुलांना वर्गात वाचलेले चालणार होते, पण गटावर नको होते. वडिलांच्या आजारपणावर लिहिलेल्या एका मुलीने तिन्ही ठिकाणी ‘नको, फक्त बाईंनी वाचावे’ असे लिहिले. एका मुलाने लिहिले होते, ‘नाव चालेल, आडनाव नको.’ मी त्याला कारण विचारले नाही.

इतकी वर्षे ही मुले आपापल्या लिखाणाबद्दल असे काही ठरवू शकतात याचा मी विचारच केला नव्हता. त्यानंतर प्रकल्पवहीतील छायाचित्रकाराचे नाव शोधायला सांगितले, तेव्हा ‘कशाला?’ असे कोणी विचारले नाही. एका गटाने तर चित्र कोणी काढले हे सापडेना म्हणून ते काढून टाकले आणि गडाच्या दरवाजाचे चित्र स्वतः रेखाटले.

पालक, पिंपरीकर

फार छान. एक शंका आहे. मुलाने ‘गटावर नको’ असे लिहिले आणि पालकांना मात्र कौतुकाने पाठवायचे असेल, तर आपण काय करता? आमच्या घरी हाच वाद झाला आहे.

खडूफळा (धागाकर्ती)

शाळेच्या वतीने आम्ही मुलाचे म्हणणे पाळतो. पालकसभेत तसे सांगितल्यावर दोन पालक नाराज झाले, एका आजोबांनी मात्र उभे राहून आपण नातवाचे गुणपत्रक त्याला न विचारता सर्व नातेवाइकांना पाठवल्याचे आणि तो आठवडाभर बोलला नसल्याचे सांगितले. त्यानंतर फार बोलावे लागले नाही.

चुलीवरची कविता शाळेच्या अंकात येत आहे. मुलीने ती पुन्हा लिहून दिली आणि शेवटचे कडवे बदलले. खाली तिने फक्त स्वतःचे नाव आणि ‘आठवी’ एवढेच लिहिले आहे. भित्तिपत्रकाच्या नमुन्यातून हजेरी क्रमांकाचा आणि तुकडीचा रकाना आम्ही काढून टाकला आहे.